पूल बघायचा राहिला

18 मे 2025. रविवारी सकाळी उठले तर मोबाइलवर बाबांचे तीन मिस्ड कॉल आणि एक व्हिडिओ. बाबा सहसा व्हिडिओ पाठवत नाहीत. ते पेपरातलं कात्रण कापतात, डायनिंग टेबलवर ठेवून त्याचा फोटो काढतात आणि तो पाठवतात. त्यामुळे काहीतरी घडलंय हे बघायच्या आधीच कळलं.

व्हिडिओत संध्याकाळ होती. तीन डोलकाठ्यांचं एक पांढरं जहाज, वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा लावलेलं, मागच्या मागे सरकत एका पुलाकडे चाललं होतं. लग्नघरासारखं दिसत होतं. पहिली डोलकाठी पुलाला लागली आणि तिचा शेंडा खडूसारखा मोडला. मग दुसरी. मग तिसरी. आडव्या काठ्यांवर माणसं होती. काही जण दोरांना लोंबकळत होते. किनाऱ्यावर कोणीतरी ओरडत होतं, आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा हात थरथरत होता.

खाली बाबांचा एका ओळीचा मेसेज : ‘हे आपलं जहाज ना गं?’

आपलंच होतं. क्वाउतेमोक. मेक्सिकोच्या नौदलाचं, शिकाऊ कॅडेट्सना घेऊन जगभर फिरणारं. न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून निघालं आणि काही मिनिटांत ब्रुकलिन पुलाला धडकलं. जहाजावर 277 माणसं होती. दोघं गेली, एक कॅडेट मुलगी आणि एक खलाशी, दोघंही विशीतले. आम्ही त्या जहाजावर चढलो होतो 2019 च्या जूनमध्ये, फ्रान्समध्ये रूआँला. म्हणजे तेव्हाची पोरं केव्हाच उतरून अधिकारी झाली असणार आणि ही दोघं तेव्हा शाळेत असणार. तरी बाबांनी ‘आपलं’ म्हटलं, आणि मलाही ते खटकलं नाही.

बाबा त्या वर्षी पहिल्यांदा (आणि एकदाच) पॅरिसला माझ्याकडे राहायला आले होते. आई आधी एकदा येऊन गेली होती आणि तिने आयफेल टॉवर, लूव्र वगैरे रीतसर उरकलं होतं. बाबांना टॉवरमध्ये रस होता तो रिव्हेटपुरता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना कुठलंही शहर दाखवा, ते आधी गटारं बघतात, मग नदीचे घाट. त्यामुळे रूआँला शिडाच्या जहाजांची जत्रा भरते हे मी सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘रूआँ समुद्रावर आहे?’

नाही. तीच तर गंमत आहे. रूआँ सेन नदीवर आहे आणि समुद्र तिथून नदीच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरी ते बंदर आहे, आणि साधंसुधं नाही; फ्रान्सचा गहू परदेशी जातो तो मोठ्या प्रमाणात इथून. नदीला इतक्या आतपर्यंत भरती-ओहोटी येते, आणि रूआँच्याही पुढे, पोझच्या बंधाऱ्यापर्यंत ती जाणवते. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, ‘मग जाऊच.’ जहाजांसाठी नव्हे, भरतीसाठी.

जत्रेचं नाव ‘आर्मादा’. पहिली भरली 1989 साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने. तेव्हापासून चार-सहा वर्षांनी एकदा भरते, दहाएक दिवस चालते, जहाजांवर चढायला तिकीट नाही. शेवटच्या दिवशी सगळी जहाजं एकामागून एक नदीतून समुद्राकडे निघतात आणि दोन्ही काठांवर लाखो लोक उभे राहतात. 2019 ची आर्मादा 6 ते 16 जून अशी होती. आम्ही शनिवारी, म्हणजे 15 तारखेला गेलो.

सॅं-लाझार स्टेशनवरून गाडी. रूआँ स्टेशनपासून रस्ता सरळ नदीकडे उतरत जातो. नदी दिसायच्या आधी, रस्त्याच्या टोकाला, घरांच्या छपरांवरून काठ्या दिसायला लागल्या. एकीवर एक, कमी-जास्त उंचीच्या, पताका लावलेल्या, सगळ्या किंचित हलणाऱ्या.

‘सासनकाठ्या,’ बाबा म्हणाले.

नोकरीतली सुरुवातीची काही वर्षं त्यांनी कोल्हापूर भागात काढलेली. जोतिबाच्या चैत्री यात्रेत डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात, तसंच ते दृश्य होतं, हे त्यांनी म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेचना. आणि त्याच वेळी ‘डोलकाठी’ हा शब्दही मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. इतकी वर्षं तो इतिहासाच्या पुस्तकात होता. कान्होजी आंग्रे यांचे आरमार, गुराब आणि गलबत यांतील फरक स्पष्ट करा. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कोणाचा समुद्राशी संबंध नाही. डोलकाठी म्हणजे जहाजाला असते ती काठी, एवढंच. ती डोलते म्हणून डोलकाठी, हे साधं व्याकरण कळायला मला रूआँला जावं लागलं. नदी भरतीला होती. धक्क्याला बांधलेली एवढाली जहाजं जागच्या जागी श्वास घेतल्यासारखी हलत होती, आणि खाली जी हालचाल बोटभर होती ती वर शेंड्याला हातभर होत होती.

धक्क्यावर उतरल्यावर मात्र बाबांचा पहिला अपेक्षाभंग.

‘शिडं कुठायत?’

शिडं नव्हतीच. म्हणजे होती, पण गुंडाळून आडव्या काठ्यांना आवळून बांधलेली, वळकट्यांसारखी. साहजिक आहे. धक्क्याला बांधलेल्या जहाजाने शिडं उघडली तर ते धक्काच ओढून न्यायला बघेल. पण जाहिरातींत, टपाल तिकिटांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, सगळीकडे शिडं फुगलेली असतात. शिडाच्या जहाजांच्या जत्रेत शिडं बघायला मिळत नाहीत हे कोणी आधी सांगत नाही. तिथे मिळतात ते दोर.

दोर किती असावेत? एर्मिऑन या एका जहाजावर सुमारे 25 किलोमीटर. हे लाकडी लढाऊ जहाज आम्ही आधी बघितलं. मूळ एर्मिऑन अठराव्या शतकातलं; 1780 मध्ये लाफायेत हा फ्रेंच सेनानी त्यातून अमेरिकेला गेला, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाला फ्रान्सची मदत येते आहे ही खबर घेऊन. आत्ताचं जहाज ही त्याची हुबेहूब प्रतिकृती. रोशफोर गावात 1997 मध्ये काम सुरू झालं आणि सुतार, लोहार, शिडं शिवणारे आपापलं काम करत असताना लोक तिकीट काढून बघायला येत. त्या तिकिटांच्या पैशांतून बराचसा खर्च निघाला. 2015 मध्ये ते खरोखर अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जाऊन आलं. (आणि 2021 मध्ये त्याच्या लाकडात बुरशी सापडली. तेव्हापासून ते दुरुस्तीला आहे. लाकूड म्हटलं की हे आलंच.)

डेकवर कडेने लाकडी खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आवळलेला दोर, आणि वर उरलेल्या दोराचं वेटोळं टांगलेलं. एका बाजूलाच असे पन्नासेक असतील. सगळे एकाच जाडीचे, एकाच मळकट रंगाचे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. बाबा खाली वाकून बघत होते. तिथे उभी असलेली मुलगी जहाजावरच्या स्वयंसेवक खलाशांपैकी होती. इतर वेळी ती शाळेत शिकवायची. बाबांनी विचारायला लावलं, कुठला दोर कशाचा हे कळतं कसं?

ती म्हणाली, पाठ करावं लागतं. शिडांची रचना वर जशी आहे त्याच क्रमाने खाली खुंट्या आहेत. एकदा ते डोक्यात बसलं की अंधारातही हात बरोबर जातो. जायलाच हवा, कारण रात्री वारा फिरला तर कंदील घेऊन शोधत बसायला वेळ नसतो. चुकीचा दोर सोडला तर वर कोणाच्या तरी पायाखालचं काहीतरी निघतं.

मग तिने एक गंमत सांगितली. फ्रेंच जहाजावर ‘कोर्द’, म्हणजे दोर, हा शब्द उच्चारायचा नसतो. इतके किलोमीटर दोर, आणि दोर म्हणायचं नाही! प्रत्येकाला त्याचं त्याचं नाव आहे, त्या नावानेच बोलवायचं. तसाच सशाचा शब्दही वर्ज्य. मी बाबांना हे सांगितलं तर त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. ‘आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणतात का? लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात.’ मी हे फ्रेंचमध्ये त्या मुलीला सांगायचा प्रयत्न केला. तिला ते इतकं आवडलं की तिने पलीकडच्या खलाशाला हाक मारून ऐकवलं. निघताना तिने बाबांना एका खुंटीवरचा दोर सोडून पुन्हा बांधू दिला. त्यांनी आयुष्यभर धरणाच्या जलाशयात नावेतून खोली मोजलेली, दोर बांधायची सवय होती. पोहता मात्र अजूनही येत नाही.

बेलेम हे फ्रान्सचं लाडकं जहाज लांबून बघितलं. रांग फार होती. पण त्याची कथा मला आधीपासून माहीत होती आणि ती बाबांना धक्क्यावर बसून, सँडविच खाता खाता सांगितली. 1896 साली नांतमध्ये बांधलेलं मालवाहू जहाज, ब्राझीलहून कोको आणायला, मेनिए चॉकलेटवाल्यांसाठी. पहिल्याच फेरीत आग लागून त्यावरची शंभराहून जास्त खेचरं जळून मेली. 1902 च्या मे महिन्यात ते मार्तिनिक बेटावर सॅं-पिएरला पोचलं, तर त्याची धक्क्याची जागा दुसऱ्याच जहाजाने घेतलेली. कप्तान चिडला असणार. नाइलाजाने बेटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन नांगर टाकला. त्यानंतर पेले पर्वताचा स्फोट झाला आणि सॅं-पिएर शहर, बंदरातल्या जहाजांसकट, मिनिटांत संपलं. बेलेम वाचलं. पुढे ते एका इंग्रज ड्यूकचं हौसेचं जहाज झालं, मग गिनेस कुटुंबातल्या एकाचं, मग व्हेनिसमधल्या अनाथ मुलांची तरंगती शाळा, आणि 1979 मध्ये परत फ्रान्सला आलं. 2024 ची ऑलिंपिकची ज्योत ग्रीसहून मार्सेलला आणली ती यानेच, पण ते पुढचं.

बाबा सँडविचमधलं लोणचं बाजूला काढत म्हणाले, ‘जागा मिळाली नाही म्हणून वाचलं.’ आणि थोड्या वेळाने, ‘ज्याने जागा घेतली त्याचं नाव काय?’

तामाया. मी मोबाइलवर शोधून सांगितलं. त्यांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. ही डायरी दर वर्षी नवी असते, खतांच्या दुकानातून फुकट मिळालेली.

क्वाउतेमोकच्या रांगेत मात्र आम्ही दीड तास उभे राहिलो. हे जहाज रूआँच्या लोकांचं इतकं आवडतं आहे की रांगेतल्या एका आजींनी सांगितलं, मी दर वेळी येते, मेक्सिकोला कधी गेले नाही पण मेक्सिको दर वेळी माझ्याकडे येतं. मागच्या बाजूला भलामोठा झेंडा, एवढा की जहाज झेंड्याला लटकवलंय असं वाटावं. डेकवर बँड. पांढऱ्या गणवेशातली पोरं-पोरी प्रत्येकाला हात देऊन चढवत होती. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, अ‍ॅझ्टेक राजा क्वाउतेमोकचा पुतळा. त्याला स्पॅनिश लोकांनी 1525 मध्ये फासावर दिलं, आणि त्याच्या नावाचं हे जहाज बांधलं गेलं स्पेनमध्ये, बिल्बाओला, 1982 साली. इतिहास असल्या गोष्टी करतो आणि गप्प बसतो.

एक कॅडेट आम्हाला समजावत होता. वीस-एकवीसचा असेल, इंग्रजी तुटकं, तळहात बघण्यासारखे : बोटांच्या मुळाशी घट्टे, पिवळे पडलेले. मुख्य डोलकाठीकडे बोट करून म्हणाला, वरपर्यंत 48 मीटर. बाबांनी मान मागे टाकली, टोपी पडली. आडव्या काठ्यांखालून एकेक दोर गेलेला होता, त्यावर पाय ठेवून पोटाने काठीला टेकायचं आणि हात मोकळे ठेवून शीड आवळायचं. बंदरात येता-जाताना सगळे त्या काठ्यांवर ओळीने उभे राहतात. ही जुनी रीत. आमचे हात रिकामे आहेत, तोफेपाशी कोणी नाही, असं पाहुण्या बंदराला दाखवायचं, असं सांगतात.

‘भीती वाटत नाही का, विचार,’ बाबा म्हणाले.

तो हसला. कंबरेचा पट्टा आणि त्याचा हुक दाखवला. मग जरा थांबून म्हणाला, समुद्रात नाही वाटत. बंदरात शिरताना वाटते. तिथे सगळे बघत असतात.

तेव्हा आम्हीही हसलो.

रूआँच्या कॅथेड्रलचा मनोरा 151 मीटर उंच आहे. 1876 नंतरची चार वर्षं ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती. त्याच्यापुढे 48 मीटर म्हणजे काहीच नाही. पण कॅथेड्रलला कुठे जायचं नसतं. डोलकाठीच्या उंचीचा प्रश्न ती निघाल्यावर सुरू होतो. समुद्रावर डोक्यावर आभाळ. नदीत शिरलं की डोक्यावर पूल. सेनच्या मुखापासून वर येताना आधी नॉर्मंडी पूल, मग तांकारव्हिल, मग ब्रोटोन, तिन्ही मुद्दाम उंच बांधलेले, खालून जहाजं जावीत म्हणून. चौथा रूआँमध्येच, आणि बाबांचा जीव त्याच्यात अडकला.

त्याचं नाव गुस्ताव्ह फ्लोबेर पूल. कादंबरीकार फ्लोबेर रूआँचाच. पूल 2008 चा. खाली असताना पाण्यापासून जेमतेम 7 मीटरवर, त्यावरून सरळ रस्ता, गाड्या धावतात. जहाज आलं की मधला रस्ताच्या रस्ता, दोन्ही बाजूंचे दोन पट्टे, आडवेच्या आडवे वर उचलले जातात, 55 मीटरपर्यंत. चार खांब, 86 मीटर उंच, शेंड्याला फुलपाखरासारखे पंख, त्यात कप्प्या. आम्ही संध्याकाळी चालत चालत तिथपर्यंत गेलो. पूल खाली होता. बाबा खांबाच्या पायथ्याशी उभे राहून वर बघत राहिले.

‘आत वजनं असणार. पलड्यासारखी. पुलाच्या वजनाइतकीच. मग उचलायला फार जोर लागत नाही, नुसता पलडा हलवायचा.’ धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. निवृत्त झाल्यापासून मी तो ऐकला नव्हता. ‘पण दोन्ही टोकं एकसारखी वर जायला हवीत. एक इंच पुढेमागे झालं तर अडकलं. ते कसं साधतात ते बघायला हवं.’

थांबू या म्हणून थांबलो. तासभर. पूल काही उचलला नाही. अंधार पडला (जूनमध्ये तिथे दहा वाजेपर्यंत पडत नाही), फटाके सुरू झाले आणि लोक नदीकडे बघत असताना बाबा पुलाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक. त्यावरून रात्री हॉटेलवर वाद झाला. बाबांना सकाळी पुलापाशीच थांबायचं होतं, जहाजं सुटताना तो नक्की उचलणार म्हणून. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की मिरवणूक खाली, समुद्राच्या बाजूला, नदीकाठच्या विलकिए गावात बघायची. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारिणीचं माहेर कोदबेकजवळ होतं, ती गाडीने न्यायला येणार होती, तिच्या वडिलांनी घरी जेवायला बोलावलं होतं. शिवाय तिथे नदी रुंद आहे, एखाददुसरं शीड उघडलेलं दिसेल असं ती म्हणाली होती. बाबा म्हणाले, ‘शीड काय, टीव्हीवर पण दिसतं.’ मी म्हणाले, पूल काय, पुढच्या वेळी बघू. शेवटी ते गप्प बसले. त्यांना गप्प बसवणं मला जमतं याचा मला पुढे फारसा अभिमान वाटला नाही.

आणि दुसरी अडचण म्हणजे 16 जूनला मँचेस्टरला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच होती.

सहकारिणीचे वडील म्हणजे ऐंशीचे, ताठ, हात पाठीमागे बांधून चालणारे. बाबा एकाहत्तरचे, तेही हात पाठीमागे बांधूनच चालतात. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं नदीच्या काठाकाठाने पुढे, आम्ही दोघी मागे. मला मधूनमधून हाक यायची, भाषांतराला.

त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी इथे नदी उलटी यायची. भरती येते म्हणजे पाणी चढतं तसं नव्हे. लाटेची एक भिंत, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, आवाज करत समुद्राकडून वर धावायची. मास्कारे म्हणायचे तिला. मोठ्या उधाणांना कोदबेकच्या धक्क्यावर बघ्यांची गर्दी लोटायची, पुढे उभे राहिलेले नखशिखांत भिजायचे. मग नदीचा गाळ काढला, काठ बांधले, पात्र खोल केलं, आणि 1960 च्या दशकात मास्कारे बंद झाली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘यांना सांग, आम्ही पण असंच एकेक बंद केलं.’ मी सांगितलं. म्हाताऱ्यांनी बाबांकडे बघितलं, मान हलवली. त्यात तक्रार होती की कबुली, मला कळलं नाही. मग दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते.

विलकिएला काठावर व्हिक्टर ह्यूगोचा पुतळा आहे, नदीकडे बघणारा. 4 सप्टेंबर 1843 ला त्याची थोरली मुलगी लेओपोल्दिन इथे बुडाली. वय 19. लग्नाला सात महिने झाले होते. नवरा शार्ल, त्याचा काका आणि काकाचा अकरा वर्षांचा मुलगा, असे चौघं एका हलक्या शिडाच्या होडीतून निघाले होते. वारा नव्हता. दोन टेकड्यांच्या मधून अचानक एक झोत आला आणि होडी उलटली. शार्लला उत्तम पोहता यायचं. तो तिच्यासाठी पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला, आणि शेवटी वर आला नाही. ह्यूगो तेव्हा स्पेनहून परतत होता. पाच दिवसांनी रोशफोरमध्ये, एका कॅफेत, पेपर उघडल्यावर त्याला कळलं. तेच रोशफोर, जिथे एर्मिऑन बांधलं. पुढे मुलीच्या थडग्याकडे चालत जाण्यावर त्याने एक कविता लिहिली. फ्रान्समध्ये ती शाळेच्या पोरांना पाठ असते. तीत तो म्हणतो, मी वाटेत काही बघणार नाही, लांबवर आर्फ्लरकडे उतरत जाणारी शिडंही नाही.

आम्ही शिडं बघायलाच तिथे उभे होतो. खुर्च्या, छत्र्या, थर्मास, कुत्री, आणि कडेला तो दगडी माणूस.

म्हाताऱ्यांनी आणखी एक सांगितलं. लोकांना वाटतं मास्कारेने बुडाली. नाही, वाऱ्याने. नदीतला वारा समुद्रातल्या वाऱ्याहून लबाड असतो. टेकडीआड लपून बसतो. आणि मग, तोच विषय पुढे चालवल्यासारखं, गेल्या आठवड्यातलं : 7 जूनला मिगेल वादळात साब्ल-दोलोनजवळ मच्छीमाराची एक बोट संकटात सापडली, तिला सोडवायला गेलेल्या बचाव नौकेवरचे तिघं स्वयंसेवक बुडाले. रूआँला जत्रेचा तो दुसरा दिवस होता.

दुपारी पहिली जहाजं आली. आधी लहानसहान बोटी, भोंगे वाजवत. मग वळणावरच्या झाडांच्या वर एक शेंडा, तो झाडांमधून चालत असल्यासारखा पुढे सरकत आला, आणि झाडं संपली तसं खालचं जहाज दिसलं. ही गोष्ट धक्क्यावर कळत नाही. बांधलेलं जहाज म्हणजे इमारत. नदीतून, गायी चरताहेत त्या कुरणाच्या पलीकडून, घरांच्या छपरांवरून ते जायला लागलं की मग त्याची उंची अंगावर येते. सगळे इंजिनावरच चालले होते, पण काहींनी दोन-तीन शिडं सोडली होती. ती पूर्ण भरत नव्हती. पडत होती, पुन्हा उचलत होती, उन्हात वाळत घातलेल्या धोतरासारखी. काठावरच्यांना तेवढंही पुष्कळ होतं. बाबांनी मात्र ‘शिडं’ म्हणून माझ्या दंडाला चिमटा काढला, आणि मला जरा सुटल्यासारखं झालं.

‘तुमच्याकडे आहेत का अशी?’ म्हाताऱ्यांनी विचारलं. आहे म्हटलं, आपल्या नौदलाची तरंगिणी; गोव्यात बांधलेली, तीन डोलकाठ्यांची, 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली. हे मी सांगतेय तोवर बाबा मोबाइलमध्ये. ‘रोहितचे शंभर झाले!’ म्हाताऱ्यांना वाटलं ते जहाजाबद्दलच काहीतरी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग क्वाउतेमोक आलं. आडव्या काठ्यांवर, सगळ्यात वरच्या काठीपर्यंत, पांढऱ्या कपड्यांतली पोरं ओळीने उभी. गात होती. शब्द कळत नव्हते, पाण्यावरून आवाज तुटक तुटक येत होता, पण काठावरचे लोक बोलायचे थांबले. शेजारची बाई तर रडत होती. आमचा तो घट्टेवाला कॅडेट कुठल्या काठीवर होता, कोणास ठाऊक. बाबांनी टोपी काढून हलवली. वरून कोणीतरी हात हलवला. त्यांचं म्हणणं तो त्यांनाच हलवला.

मेच्या त्या रविवारी मी बाबांना फोन लावला तेव्हा तिकडे दुपार होती. ते पेपर, टीव्ही, मोबाइल सगळं बघून बसले होते. जहाजाचं इंजिन, ओहोटी, ओढून नेणारी बोट, सगळ्याबद्दल त्यांची मतं तयार होती, आणि ती सगळी चौकशीच्या आधीची होती, हे त्यांनाही कळत होतं. नंतर ते एकदम म्हणाले, ‘ब्रुकलिनचा पूल पाण्यापासून किती?’

मी बघून सांगितलं. 40 मीटरच्या आसपास.

‘थांब.’ खुर्ची सरकल्याचा आवाज, कपाट उघडल्याचा आवाज, आईचं ‘आता काय शोधताय?’ मग पानं चाळल्याचा आवाज. त्यांनी 2019 ची डायरी काढली होती. चष्मा सापडेना, मग सापडला. वाचून दाखवू लागले, हिशोब वाचतात त्याच आवाजात :

‘पंधरा जून. रूआँ. भरती, अंदाजे दोन मीटर. दोर पंचवीस किलोमीटर. तामाया. मेक्सिको, काठी अठ्ठेचाळीस. पोरगा चांगला होता. पूल उचलल्यावर पंचावन्न. सात मीटर शिल्लक.’

थोडं थांबले. पुढे काहीतरी होतं हे मला फोनवरूनही कळलं.

‘आणि खाली लिहिलंय, बघायचा राहिला.’